पाटकऱ्याचे कोरडे ओठ

ज्याच्या हाती चौघांचे वाटप आहे, त्याने त्या चौघांपैकी कोणाकडूनही काही घेऊ नये, हे समजायला मोठे शास्त्र शिकावे लागत नाही. अडचण एवढीच, की घेतलेली वस्तू दर वेळी वस्तूसारखी दिसत नाही. कधी ती जेवणाचे ताट असते, कधी झेंड्यांचे कापड, तर कधी ऐन संकटात दाराशी येऊन उभी राहिलेली गाडी. घेणारा मनाचा वाईट नसतो, देणाराही त्या क्षणी हसतमुखच असतो. पुढे वाटपाचा दिवस उगवतो तेव्हा हात एका बाजूला झुकतो, आणि तो झुकला हे पुष्कळदा ज्याचे त्यालाच उमगत नाही. आमच्या गावात ते एका पाटकऱ्याला उमगले, आणि त्याची किंमत त्याने एकट्याने दिली.

गावाला नदी नाही. वरच्या तलावातून निघालेला एक पाट आहे, आणि त्या पाटावर गावाचा जीव. पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार. ते दार वरखाली करायला हातभर लांबीचा लोखंडी दांडा लागतो. तो दांडा ज्याच्याकडे, तो पाटकरी. आठवड्याचे सात दिवस वाटून दिलेले: तीन दिवस तोंडाच्या शेतांना, दोन दिवस मधल्यांना, दोन दिवस शेपटाच्या शेतांना. शेपटाला दोन दिवस का, हे परक्या माणसाला सांगावे लागते. कोरडा पाट आधी स्वतः पितो. पहिला दिवस तळाची माती भिजण्यातच जातो. शेताला मिळते ते दुसऱ्या दिवशीचे पाणी.

पाटकऱ्यासाठी पूर्वजांनी दोन नियम घालून दिले होते. एक, पाटावर त्याचे स्वतःचे शेत नसावे. दुसरा, पाटाचे पाणी घेणाऱ्या कोणाच्याही बांधावर, कोणाच्याही घरी, कोणाच्याही हातचे पाणी त्याने पिऊ नये. प्यालाच, तर भरसभेत दांडा खाली ठेवावा. या पाटकऱ्याच्या आधीचा जो होता, त्याने कोणाच्या तरी शेतात उसाचे एक कांडे चघळले आणि दुसऱ्या दिवशी दांडा ठेवला. त्याच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते. रस किती निघाला असेल देव जाणे. पण नियम तो नियम.

आताच्या पाटकऱ्याने दांडा हाती घेतला त्या दिवशी आपल्या वाट्याची जमीन थोरल्या भावाच्या नावे करून दिली. एकतीस वर्षे झाली त्याला. खांद्याला मातीचा बुधला अडकवून तो पाटावर फिरे. बुधल्याला लाकडी बूच. तहान लागली की बूच काढायचे, दोन घोट घ्यायचे, पुन्हा बसवायचे. थोरला भाऊ वारला त्या दिवशीही त्याने भावाच्या घरी पाणी घेतले नाही. आलेले सगळे पाणी पिऊन गेले. हा अंगणात उभा राहून आपल्या बुधल्यातले प्याला. भावाच्या बायकोने ते पाहिले आणि ती ते कधी विसरली नाही.

तिचे शेत पाटाच्या अगदी शेपटाला. त्या दिवशी सकाळी पाटकरी दाराजवळचा गाळ फावड्याने काढत होता. उन्हाळ्याचे तोंड होते. वारा पडलेला. पलीकडच्या टेकडीवरच्या खडीयंत्राची पांढरी भुकटी झाडांच्या पानांवर पिठासारखी बसली होती. वहिनी पायवाटेने आली ती लांबूनच बोलत.

"भाऊजी, या पाळीला पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही. निम्म्या सरीत येऊन बसलंय, रुसलेल्या पाहुण्यासारखं."

"वरनं कमी आलं, वहिनी."

"वरनं कमी आलं, का मध्येच कुणी प्यालं?"

पाटकऱ्याने फावडे टेकवले. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून त्याला बोलायला उशीर लागे. शब्द कानात शिरायचा, आत कुठेतरी भिजत पडायचा, आणि पुष्कळ वेळा तिथेच मुरून जायचा. रडताना त्याला कोणी पाहिले नाही. हसतानाही नाही.

"सोमवारच्या सभेत काय येणार आहे, ठाऊक आहे ना?" वहिनी बांधावर बसली. "शेपटाचा एक दिवस काढून खडीशेठला देणार. धोंडे धुवायला! अहो, धोंड्याला काय कोंब फुटतो धुतल्यावर?"

"पंच ठरवतील."

"पंच ठरवतील, म्हणे! पाचातले तिघं कुणाच्या गाडीतनं निवडून आले? गावभर भोंगे कुणाचे वाजले? पंधरा दिवस माळावर चूल कुणाची पेटली होती? अख्खं गाव जेवत होतं. मी सोडून."

"तुम्ही का नाही जेवलात?"

"पोट बिघडलं होतं," वहिनी म्हणाली. "नाहीतर मीही जेवलेच असते. खोटं कशाला बोलू?"

पाटकऱ्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तेवढेच.

"पण तुमचा शब्द लागतो ना?" ती पुढे वाकली. "'पाणी पुरतं' असं पाटकऱ्यानं म्हटल्याशिवाय नवी पाळी बसत नाही. मग? काय म्हणणार तुम्ही?"

तो पाटाकडे पाहत राहिला.

"बुधल्याचं बूच तोंडाला बसवलंय का? आमची बाजू घ्या असं म्हणत नाही मी. एकतीस वर्षांत तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत, आता काय घ्याल! जे खरं आहे ते तरी बोला. एका दिवसाच्या पाण्यात शेपूट भिजतं का?"

"नाही भिजत," पाटकरी म्हणाला.

"मग तेवढंच सांगा," असे म्हणून वहिनी उठली आणि पदराने पानावरची भुकटी पुसत पुसत निघून गेली.

वहिनी बोलली त्यात अतिशयोक्ती नव्हती. पूर्वी आमच्या गावातली निवडणूक म्हणजे चार घरी जाऊन बोलणे आणि एका सकाळी जाऊन मत देणे. टेकडी फोडायला खडीशेठ आला आणि त्याने गावावर प्रेम करायला आरंभ केला. उभ्या राहिलेल्यांना त्याने गाड्या दिल्या, कापड दिले, माणसे दिली. ज्यांना त्याचे नको होते ते पायी फिरले, आणि त्यांचा आवाज भोंग्याखाली ऐकूच गेला नाही. तरी सुईण निवडून आली, कारण निम्म्या गावाची नाळ तिने कापलेली. आणि सुतार निवडून आला, कारण निम्म्या गावाची दारे त्याने बसवलेली. उरलेले तिघे, म्हणजे थोरले पंच, शिंपी आणि दूधवाला, शेठच्या गाडीतून आले. ते वाईट नव्हते. पण शेठचे काही काम निघाले की त्यांचे हात सभेत वर जात, आणि ते वर गेलेले हात पाहून त्यांचे त्यांनाच थोडे नवल वाटे.

त्याच दुपारी खडीशेठ पाटकऱ्याच्या घरी आला. एकटाच, पायी. घर दीड खोलीचे. खुंटीवर बायकोची शाल अजून तशीच. चुलीजवळ बसायचे दोन लाकडी पाट मांडलेले. एकावर कोणी बसत नसे, पण तो उचललाही नव्हता. शेठने चप्पल बाहेर काढली आणि जमिनीवरच बसला. माणूस मृदू बोलणारा.

"दादा, जेवलात का?"

"हो."

"एकट्याचं जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं," शेठ म्हणाला. "माझा बाप असाच गेला. असो. सोमवारी सभा आहे. तुम्हाला एवढंच म्हणायचंय, 'पाणी पुरतं.' दोन शब्द. बाकी पंच बघून घेतील."

पाटकऱ्याने बुधल्याचे बूच काढून पुन्हा बसवले.

"मी काही फुकट मागत नाही. शाळेला छप्पर घालून देतोय. रस्ता करून देतोय. गावाचं कल्याणच आहे यात." मग शेठ जरा थांबला. खुंटीवरच्या शालीकडे पाहिले. "तुमच्या मंडळींना दवाखान्यात नेलं त्या दिवशी माझी गाडी वेळेवर पोचली, याचं मला समाधान आहे. आमचा ड्रायव्हर सांगत होता, उन्हात तुम्ही फार कासावीस झाला होतात. गाडीतलं पाणी प्यालात म्हणे. बरं झालं. माणसानं तहानेला नियम लावू नये." तो हसला, हसणे मायेचेच होते. "मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. ते आपल्या दोघांतलं."

शेठ गेला. पाटकरी होता तिथेच बसून राहिला. उंबऱ्यातले ऊन सरकत चुलीपर्यंत आले, तरी तो उठला नाही.

घडले होते ते असे. बायकोला छातीत कळ आली तेव्हा गावात दुसरी गाडीच नव्हती. शेठची आली. रस्त्यात तिला कोरड पडली. ड्रायव्हरने अर्धी उरलेली बाटली मागे दिली. तिने दोन घोट घेतले आणि बाटली नवऱ्याच्या हातात ठेवली. बुधला घरी राहिला होता. एकतीस वर्षांत प्रथमच राहिला होता. त्याने तिच्याकडे पाहत पाहत उरलेले पाणी पिऊन टाकले. विचार केला नाही, तहान लागली होती इतकेही त्याला नीट आठवत नव्हते. बाटली रिकामी झाली तेव्हा बायकोने डोळे उघडले.

"अहो," ती म्हणाली, "हे कुणाचं पाणी?"

त्याने रिकाम्या बाटलीकडे पाहिले. खडीयंत्राला जुन्या करारात पाटाचे दोन हंडे पाणी रोज मिळत असे. म्हणजे शेठही पाटाचे पाणी घेणाराच.

"घरी गेल्यावर दांडा ठेवा," ती म्हणाली. ती नऊ दिवसांनी गेली. त्याने दांडा ठेवला नाही. आज ठेवू, उद्या ठेवू, असे चार महिने झाले. त्या घरात तिच्यामागे उरलेली बोलकी वस्तू म्हणजे तो दांडाच होता. पहाटे तो हाती घेतला की दिवस कसातरी पुढे सरके.

आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. 'पाणी पुरतं' म्हणावे, तर शेपटाची शेते वाळणार. 'पुरत नाही' म्हणावे, तर शेठ दुसऱ्या दिवशी गावाला सांगणार की पाटकरी आमचेच पाणी पितो आणि भावजयीची बाजू घेतो; मग त्याच्या खऱ्या शब्दालाही खोट्याचा वास येणार. त्याने दोन्ही वाटा पुष्कळ वेळ पाहिल्या. भीती वाटली नाही, राग आला नाही. जणू दुसऱ्याच कोणाच्या शेताचे पाणी तो मोजत होता.

सोमवारी दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. मोठी माणसे लहान बाकांवर गुडघे उंच करून बसली होती. फळ्यावर सातचा पाढा अर्धा पुसलेला. पंच पाच खुर्च्यांवर. खडीशेठ मागच्या भिंतीला टेकून उभा. बाक दिला तरी बसला नाही.

थोरल्या पंचांनी ठराव वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "आता पाटकऱ्याचा शब्द. सांगा दादा, पाणी पुरतं ना?"

पाटकरी उठला. खांद्यावरून दांडा काढला आणि पंचांच्या टेबलावर ठेवला. लोखंडाचा आवाज वर्गभर घुमला.

"मला शब्द देता येत नाही," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी मी शेठच्या गाडीतलं पाणी प्यालो. अर्धी बाटली. त्याच दिवशी हा इथं ठेवायला हवा होता. ठेवला नाही. ती चूक माझी. गाडीसाठी शेठचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण ज्याचं पाणी प्यालो, त्याच्या पाण्याबद्दल मी बोलायचं नाही. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही."

आणि तो खाली बसला.

कोणीतरी म्हणाले, "अहो दादा, बायको मरत होती तुमची! तहानेला काय पाप?"

"पाप नाही," पाटकरी म्हणाला. "नियम आहे."

थोरले पंच घाईने म्हणाले, "ठीक आहे. दांडा ठेवला म्हणजे पाटकरीच उरला नाही, मग शब्द कुणाचा घ्यायचा? पंच ठरवतील. मताला टाकू या."

तेव्हा मागून वहिनी उभी राहिली. बाकात पदर अडकला होता, तो सोडवून घेत ती म्हणाली, "थांबा. मला एक समजत नाही, ते समजावून सांगा. पाणी सोडणारा अर्धी बाटली प्याला तर त्यानं गप्प बसायचं. आणि पाणी वाटणारे आख्खी निवडणूक प्याले तर त्यांनी हात वर करायचा?"

मागे कोणीतरी हसले.

"पंचांना तसला नियम नाही," थोरले पंच म्हणाले.

"नाही, कारण आपल्या आजा-पणज्यांना वाटलं नव्हतं की पंच पण पितील," सुईण शांतपणे म्हणाली. ती त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"बाई, बसा आता!" दूधवाला वहिनीला म्हणाला. "मी काही घेतलेलं नाही. मी फक्त जेवलो."

"कोरडंच जेवलास का रे?" सुताराने विचारले. "घास अडकला नाही घशात?"

आता वर्ग मोकळेपणाने हसला. पाटकरी हसला नाही. तो आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत होता.

हसणे ओसरले तरी शिंपी टेबलावरच्या दांड्याकडेच पाहत राहिला होता. मग तो सावकाश उठला. बारीक अंगाचा माणूस. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती.

"झेंडे मी शिवले," तो म्हणाला. "दोनशे. कापड शेठचं, दोरा माझा. मला वाटायचं, दोरा आपला आहे ना, मग झालं. पण हा माणूस अर्ध्या बाटलीसाठी दांडा ठेवतो, आणि मी..." त्याने आपली खुर्ची उचलली आणि खिडकीजवळ नेऊन ठेवली. "या ठरावाला माझा हात धरू नका."

खडीशेठ मागून म्हणाला, "मी कुणाकडून काही लिहून घेतलं नव्हतं. प्रेमानं दिलं होतं."

"तेच ना, शेठ," शिंपी खिडकीजवळून म्हणाला. "लिहून घेतलं असतं तर एकदा फिटलं तरी असतं."

सगळे दूधवाल्याकडे पाहू लागले. तो खुर्चीत चुळबुळला, बायकोकडे पाहिले. बायको तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. दूधवाला पुटपुटत उठला, "एकाच पंगतीला बसलो होतो, तीही मागच्या," आणि शिंप्याशेजारी जाऊन उभा राहिला.

थोरले पंच उठले नाहीत. त्यांनी हात वर केला. तो एकटाच वर गेला. सुईण आणि सुतार यांनी विरुद्ध मत दिले. ठराव पडला. शेपटाचे दोन दिवस शेपटालाच राहिले. सुईणीच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ सभेच्या वहीत लिहिली गेली: इथून पुढे कोणत्याही ठरावाआधी प्रत्येक पंचाने उभे राहून सांगावे, की या ठरावात ज्याचा लाभ आहे त्याचे आपण काय घेतले आहे, आणि घेतले असेल तर खुर्ची खिडकीकडे न्यावी. शिवाय पुढच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या सर्वांना प्रचारासाठी शाळेची एकच भिंत, सारख्या मापाची जागा, आणि कोणालाही भोंगा नाही. फार काही नव्हे. खडीशेठची टेकडी तिथेच आहे, यंत्र चालूच आहे, आणि शाळेचे छप्पर मात्र त्याने घातले नाही.

लोक उठताना म्हणाले, "दादा, दांडा घ्या परत. तुमच्यासारखा कोण मिळणार?"

"नियम आहे," पाटकरी म्हणाला आणि चालू लागला. दांडा गावातल्या एका गवंड्याच्या विधवा बहिणीकडे गेला. तिचे पाटावर काही नाही, आणि ती कोणाकडे फारशी जातही नाही.

शेपटाच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याला नेहमीच्या वेळी जाग आली. करायला काही नव्हते. सवयीने तो बुधला भरून निघाला. पाटाच्या दारापाशी गेला, दार वर होते. पाटाच्या कडेने चालत राहिला. तळाची माती भिजून काळी झाली होती आणि तिच्यावरून पाणी आवाज न करता पुढे चालले होते. त्याच्या चालीनेच ते चालले होते. दोघेही वहिनीच्या शेताशी बरोबरच पोहोचले.

वहिनी सरी फोडत होती. तिने वर पाहिले. फावडे मातीत रोवले, हात धुतले, झाडाखालच्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर धरला. एवढी बोलकी बाई, पण बोलली नाही.

पाटकऱ्याचा हात आधी सवयीने बुधल्याकडे गेला. बुचावर बोटे टेकली. मग त्याला आठवले, की आता तो कोणाचे काही वाटत नाही. त्याने तांब्या घेतला.

"गार आहे?" वहिनीने विचारले.

त्याने एक घोट घेतला. "कळत नाही," तो म्हणाला. "पण पितो."

तो सगळे प्याला. तांब्या तिला परत दिला आणि बांधावर बसला. भावाच्या शेताच्या बांधावर तो एकतीस वर्षांत बसला नव्हता. समोर पाणी एकेका सरीत वळत होते.

ज्याने आपले घेतलेले चारचौघांत सांगितले, त्याच्या ओठांना चव परत येवो. ज्यांनी आपल्या खुर्च्या खिडकीशी नेल्या, त्यांना पुढे कधी मान खाली घालावी न लागो. जो हात एकटाच वर राहिला, त्यालाही एक दिवस खाली येण्याचे बळ मिळो. आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचो.